राजे वाकले नाहीत

माणूस लहान दाखवायचा तर त्याला काहीच करावं लागत नाही, त्याच्या भोवतालचं सगळं मोठं करावं लागतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्या सिनेमाचे कपडे शिवताना माझ्या पाठीला कळलेलं आहे. सिनेमात एक शास्त्रज्ञ चुकून स्वतःच्या मुलीला अंगठ्याएवढी करून ठेवतो. मग ती पोर बापाच्या रुमालाचा तुकडा गुंडाळून टेबलावर फिरते. आता अंगठ्याएवढ्या पोरीच्या अंगावरचा रुमाल म्हणजे त्याचा एकेक धागा सुतळीएवढा दिसायला हवा. म्हणून बाकीच्या बायका सुईत दोरा ओवत होत्या तेव्हा मी दाभणात सुतळी ओवत होते. सुताराने माणसाच्या उंचीचं दोऱ्याचं रीळ केलं होतं, खाटेएवढी काडेपेटी केली होती आणि एक कात्री केली होती, तिच्यावर बसून लोक चहा प्यायचे. पहिले काही दिवस आम्हाला फार मजा वाटली.

माझा नवरा या सिनेमाचा ट्रिकवाला. पडद्यावर माणूस उडतो, दिसेनासा होतो, भुताच्या पोटातून पलीकडचं झाड दिसतं, ते सगळं करणारा माणूस. अख्ख्या स्टुडिओत त्याला मान होता. घरात बल्ब बदला म्हटलं तर मात्र महिनाभर हं हं करायचा.

आणि ती अंगठ्याएवढी पोर म्हणजे माझी धाकटी बहीण. धाकटी बुटकी. लहानपणी तिला सगळे चिडवायचे, मीही चिडवायचे, आणि ती फळीवरचा डबा काढायला स्टूल घ्यायची तेव्हा हसायचे. नटी व्हायचं तिच्या डोक्यात होतं. ती आमच्याकडेच राहायची, आणि किती वर्षं गर्दीत उभी राहत होती याची मोजदाद नाही. लग्नाच्या सीनमध्ये पाहुणी, बाजारात गिऱ्हाईक, नाटकगृहात प्रेक्षक. दरवेळी कोणीतरी उंच बाई तिच्यापुढे यायची आणि पडद्यावर आमच्या धाकटीचा फक्त अंबाडा दिसायचा. उंचीनं तिचं जन्मभर वाटोळं केलं आणि या एका सिनेमात तिला तारलं, असं मी तेव्हा म्हणाले होते. माझ्या जिभेला हाड नाही.

शास्त्रज्ञाचं काम राजे करत होते. त्यांना सगळे राजेच म्हणत, कारण उमेदीत त्यांनी राजांचीच कामं केली होती. आता म्हातारे झाले होते, अंगात सतत कणकण असायची, पण सेटवर आले की मोठमोठी माणसं उठून उभी राहायची. त्यांच्यासमोर कोणी खुर्चीत बसत नसे. स्टुडिओचा मालकसुद्धा नाही.

सिनेमाचा जीव एका शॉटमध्ये होता. बाप टेबलावर पोरीला शोधतोय. तिचा आवाज इतका बारीक झालाय की त्याला ऐकू येत नाही. तो ओणवा होतो, तोंड टेबलापर्यंत आणतो, आणि तिला बघतो. ती वर बघते. दोघांची नजर मिळते. बस्स. बोलणं नाही, काही नाही. कथा वाचून दाखवली त्या दिवशी मी याच ठिकाणी रडले होते, आणि मी सहसा रडत नाही.

हा शॉट कसा घ्यायचा ते नवऱ्यानं मला जेवताना ताटाच्या कडेला चमचा ठेवून समजावलं होतं. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचं. आधी भिंगापुढे काळा पुठ्ठा लावून पडद्याची डावी बाजू झाकायची आणि उजव्या बाजूला राजेंचा चेहरा घ्यायचा. मग तीच फिल्म उलटी गुंडाळायची, पुठ्ठा उजवीकडे लावायचा, आणि डाव्या बाजूला धाकटीला घ्यायचं. तिला कॅमेऱ्यापासून लांब, काळ्या मखमलीपुढे सुताराने केलेल्या थोरल्या टेबलावर उभी करायची, म्हणजे ती अंगठ्याएवढी दिसते. दोघं एकमेकांना दिसतच नाहीत. राजे एका खुणेकडे बघणार, धाकटी दुसऱ्या खुणेकडे. खुणा नीट बांधल्या की पडद्यावर वाटतं, बापलेक एकमेकांकडे बघताहेत. आणि दोन्ही चित्रं घेऊन होईपर्यंत फिल्म धुवायची नाही. तोवर ती डब्यात बंद.

राजेंची बाजू घेतली तेव्हा मी सेटवर होते. त्यांच्या कोटाचं बटण निघालं होतं म्हणून सुई घेऊन उभी होते. त्यांनी ओणवं व्हायचं होतं. खूण टेबलाच्या कडेला बांधली होती. कॅमेरा सुरू झाला, राजे टेबलाजवळ आले, हात टेकले, आणि तिथंच थांबले. कंबर वाकली नाही. ताठ उभे राहून त्यांनी मान तेवढी खाली घातली आणि बघितलं. चेहरा मात्र असा केला की माझ्या हातातली सुई बोटात गेली. मग दिग्दर्शक 'कट' म्हणाला.

माझा नवरा दिग्दर्शकाकडे बघतोय, दिग्दर्शक जमिनीकडे. राजे वाकले नाहीत हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण राजेंना पुन्हा एकदा करा म्हणायचं कोणी? राजे रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "झालं ना?"

"झालं, अप्रतिम झालं," दिग्दर्शक म्हणाला.

"कंबर साथ देत नाही हल्ली," राजे म्हणाले. ते माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले. "सांभाळून घ्या."

"घेतो की," नवरा म्हणाला. "तिची खूण थोडी वर घेऊ. काही बिघडत नाही."

पुढच्याच आठवड्यात राजे गेले. स्टुडिओ बंद ठेवला, मालक लहान मुलासारखा रडला. आणि मग सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं की डब्यात बंद असलेला तो फिल्मचा तुकडा म्हणजे राजेंचं शेवटचं काम. तेही अर्धंच. दुसरा तुकडा नाही, दुसरी संधी नाही. नवरा म्हणाला, अर्धं चित्र घेतलेली फिल्म फार दिवस ठेवता येत नाही, आतलं चित्र उतरत जातं. तो फ्रिजच्या खोलीत जाऊन डब्याला हात लावून यायचा. लहान मुलाला ताप आलाय का बघतात ना, तसा.

आता धाकटीची खूण वर न्यायची होती. राजेंचा चेहरा ठरल्यापेक्षा कितीतरी वर होता, तर तिची नजरही तितकीच वर गेली पाहिजे. नवऱ्यानं काठीला पांढरी चिंधी बांधली, मोजमाप केलं, काठी वर सरकवली, अजून वर, अजून थोडी. ती जिथं थांबली तिथं मोठा दिवा होता. दिव्याच्या तोंडातच म्हणा ना.

मी म्हटलं, "अहो, दिवा हलवा की."

"नाही हलवता येत," तो म्हणाला. "राजेंच्या तोंडावर उजेड याच बाजूनं आलाय. हिच्यावर दुसरीकडून आला तर सावल्या जुळणार नाहीत. अर्ध्या सेकंदात लोकांना कळेल."

तो दिवा म्हणजे साधा बल्ब नव्हे. कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये वीज पेटवतात, तिची फुसफुस सतत ऐकू येते. वेल्डिंगवाल्याच्या ठिणगीकडे बघू नये म्हणतात ना, तेच ते. एरवी त्याच्या तोंडावर जाड काच असते. पण लांबची धाकटी आणि कॅमेऱ्याजवळ ठेवलेली खरी काडेपेटी दोन्ही स्पष्ट यायला हवी, त्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड अगदी बारीक करावं लागलं होतं, आणि तोंड बारीक केलं की उजेड कमी पडतो. दिवेवाला म्हणाला, काच काढली तर उजेड वाढेल. हे लोक असं नेहमी करत. पण नेहमी दिव्याकडे बघत कोणी उभं राहत नसे. नवऱ्यानं काच काढायला सांगितली.

एकदाच घेता येणार म्हणून घाई केली असती तरी परवडलं असतं. पण एकदाच घेता येणार म्हणून सगळ्यांनी अति जपलं. दिग्दर्शक म्हणाला, आधी दुसऱ्या फिल्मवर टेस्ट करू. केली. नजर किंचित डावीकडे गेली. पुन्हा टेस्ट. आता नजर बरोबर, पण पापणी मिटली. पुन्हा. आता सगळं बरोबर, पण चिंधी हलली होती की काय कोणाला माहीत, पुन्हा एकदा करून घेऊ. दरवेळी दिवा पेटलेला, कारण दिवा नसेल तर टेस्टला अर्थ काय. राजेंचा शॉट वाया जाऊ नये म्हणून सगळी माणसं डोळ्यांत तेल घालून काम करत होती, आणि डोळे जात होते माझ्या बहिणीचे.

पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी डोळे सुजले, पाणी थांबेना, पापण्या उघडल्या की ओरडायची. मी गार पाण्याच्या घड्या ठेवत बसले. मग तिला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं डोळ्यांत थेंब घातले, आरशाच्या दिव्यानं आत बघितलं आणि विचारलं, "काय बघत होतात?"

"चिंधी," ती म्हणाली.

तो हसला नाही. म्हणाला, वरची आग भरून येईल, पण आत पडद्याला डाग पडायला लागलाय, तो भरून येत नाही. अंधाऱ्या खोलीत पडून राहा, त्या दिव्यासमोर पुन्हा उभं राहायचं नाही. एकदाही नाही. मी ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, तिनं नीट ऐकावं म्हणून.

घरी येऊन मी नवऱ्यावर तुटून पडले. तो खुर्चीत बसून राहिला. शेवटी म्हणाला, "मी दिग्दर्शकाला सांगतो. शॉट नाही घ्यायचा. सोडून देऊ."

तेवढ्यात आतून धाकटी आली. डोळ्यांवर घडी तशीच, भिंतीला हात लावत.

"भावोजी, सांगाल तर याद राखा," ती म्हणाली.

"अगं, डॉक्टर काय म्हणाला ऐकलंस ना?" मी म्हटलं.

"ऐकलं. एकदाच तर उभं राहायचंय आता. टेस्ट झाल्या. नजर कुठं ठेवायची ते मला पाठ आहे."

"आणि डोळे गेले तर?"

"ताई, इतकी वर्षं डोळे होते ना मला? काय केलं त्यांचं? दुसऱ्या बायकांच्या पाठी बघितल्या." तिचा आवाज चढला. "राजे आणि मी. एका पडद्यावर. माझ्याकडे बघताहेत ते. हे एवढंच एक माझं आहे. ते काढून घेऊ नका."

"राजे तुझ्याकडे बघत नव्हते," मी ओरडले. "ते खुणेकडेही धड बघत नव्हते. त्यांना वाकता आलं नाही म्हणून तुला वर बघावं लागतंय. थोरामोठ्यांची कंबर सांभाळायला तुझे डोळे!"

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," ती म्हणाली आणि आत गेली.

मला माझ्या बहिणीला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि उराशी धरून रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं होतं. तो डबा फ्रिजमध्ये पडून राहणार नाही याचं. त्यानं ते लगेच पुसलं, पण मी बघितलं होतं, आणि ते मी कधी विसरले नाही.

शॉट घेतला. मी मुद्दाम गेले. सकाळचे सगळे सोपस्कार झाले, नवऱ्यानं पुठ्ठा उजवीकडे लावला, चारचारदा तपासला. दिव्याच्या तोंडापुढे पत्रा लावून ठेवला होता, अगदी शेवटच्या क्षणी काढायचा म्हणून. एवढी दया त्यांनी केली. धाकटीला मी हाताला धरून टेबलावर चढवली. तिच्या अंगावर मी शिवलेला रुमाल होता, सुतळीची शिवण मानेला काचत होती म्हणून मी आतून मऊ कापड लावून दिलं. ती म्हणाली, "किती गं करतेस."

पत्रा निघाला. तो पांढरा उजेड असा आला की माझी मान आपोआप वळली. दिवेवाल्यानं काळा चष्मा लावला होता, नवऱ्याचा डोळा कॅमेऱ्याला होता, दिग्दर्शक हाताची झापड करून बघत होता. एकटी ती उघड्या डोळ्यांनी. तिनं हळूच मान वर केली आणि बघितलं. पापणी हलली नाही. बापाला ओळखल्यासारखं तिच्या तोंडावर काहीतरी पसरत गेलं, ओठ थरथरले, आणि ती बघतच राहिली. शॉट लांब होता. राजेंनी लांब केला होता, तेवढाच तिलाही करावा लागला.

'कट' झाल्यावर टाळ्या पडल्या. ती टेबलावर तशीच उभी. मी म्हटलं, "उतर आता." ती म्हणाली, "हात दे, तू कुठं आहेस ते कळत नाहीये."

वरची आग डॉक्टर म्हणाला तशी भरून आली. सूज उतरली, पाणी थांबलं, बाहेरून बघणाऱ्याला डोळे पूर्वीसारखेच, टपोरे. पण मधलं गेलं. जिकडे बघेल नेमकं तेच दिसत नाही, तिथं राखाडी डाग. भाकरी बघितली की भाकरी नाही, ताटाची कड आहे. माझ्याकडे बघितलं की माझं तोंड नाही, खांद्यामागची खिडकी आहे. वाचणं गेलं, शिवणं गेलं, रस्ता ओलांडणं गेलं. डॉक्टर म्हणाला, आता हे असंच राहील. मालकानं फुलं पाठवली. तिला त्यांचा वास आवडला.

फिल्म धुऊन आली तेव्हा नवरा दुपारीच घरी आला. खुर्चीच्या दांडीवर हात आपटत म्हणाला, "मिळाली. नजर मिळाली. तुम्ही दोघी विश्वास ठेवणार नाही, असं वाटतं राजे हिच्यासाठीच जिवंत होते." धाकटी हसली. आजारपणात पहिल्यांदा हसली. मीही मग तोंड बंद ठेवलं. मनात म्हटलं, निदान एवढं तरी आहे.

सिनेमा पुरा झाला, मालकानं बाहेर लावण्याआधी स्वतःच्या आणि राजेंच्या घरच्यांना एकदा दाखवला. राजेंची बायको आली होती. तो शॉट सुरू झाला आणि ती बाई उभी राहिली. नंतर मालकाला म्हणाली, "हे काढा. शेवटच्या दिवसांत घरी असेच उभे असायचे टेबलाला धरून. दुखत असायचं. माझा माणूस लोकांना असा दाखवू नका." आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

काढला. मालकाला विचारही करावा लागला नाही. त्या जागी भिंतीवरच्या घड्याळाचं चित्र जोडलं. नवऱ्यानं मला हे सांगितलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकाला गेली, पण शिव्या द्यायला कोणी सापडेना. त्या बाईला तरी काय बोलणार? मीसुद्धा तेच म्हणाले असते. माझं माणूस असतं तर मीसुद्धा म्हणाले असते.

धाकटीला सांगायचं कोणी? तू सांग, तुम्ही सांगा, यात दिवस गेले आणि सिनेमा लागला. ती नवी साडी नेसून दारात उभी. आम्ही मूग गिळून तिच्यासोबत गेलो. थिएटर गच्च भरलं होतं. ती मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला नवरा. लोक हसत होते, घाबरत होते, काडेपेटीत झोपलेली पोर बघून बायका चक् चक् करत होत्या. धाकटीला सगळा सिनेमा पाठ होता. रीळ घरंगळत येतं, ती पळते, दिव्याच्या खांबामागे लपते. मग तिनं माझा हात धरला.

"आता," ती म्हणाली.

पडद्यावर घड्याळ आलं. लोलक हलत होता. मी पुढं बघत राहिले. माझ्या हातातला तिचा हात गरम होता.

"आला का गं?" तिनं विचारलं.

नवरा तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "आला. बघ, सगळे कसे गप्प झालेत. नजर बरोबर मिळालीय तुझी."

ती जराशी पुढं झाली. मान सरळ, डोळे पडद्याच्या मधोमध. घड्याळ गेलं, पुढचा सीन सुरू झाला.

"भावोजी," ती म्हणाली, "माझं मधलं गेलंय. कडेचं दिसतं मला. राजे उजव्या कडेला होते ना? केवढा मोठा चेहरा, तुम्हीच सांगितलंत. कडेला कोणी नव्हतं."

मी तिचा हात दाबला, तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर ती काडेपेटीच्या कडेवर बसली होती आणि लोक हसत होते.

"उठूया का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "अजून मी आहे ना पुढं थोडी. ते संपू दे."